भ्रामरी : आवाज भुंग्याचा, काम उच्छ्वासाचे

दरवर्षी २१ जूनला, योग दिनी, मैदानांवर, शाळांच्या पटांगणांत आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर जो सामायिक योगाभ्यास होतो, त्याच्या शेवटाकडे काही क्षण सगळी गर्दी एकदम गुणगुणू लागते. ती भ्रामरी. आसने करताना ज्यांची दमछाक झालेली असते, ज्यांची बोटे पायाच्या अंगठ्यापर्यंत कधीच पोहोचत नाहीत, त्यांनाही ती जमते. डोळे मिटायचे, कान झाकायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ मिटलेले ठेवून ‘म्‌ऽऽऽ’ असा आवाज करत तो सोडायचा. पाचसात आवर्तनांत बहुतेकांना बरे वाटते, आणि त्या वाटण्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो कारणांबद्दल. भ्रामरीच्या नावावर मेंदूच्या लहरींपासून थायरॉइडपर्यंत आणि स्मरणशक्तीपासून सायनसपर्यंत इतके काही खपवले जाते की ऐकणाऱ्याने एकतर सगळे मानावे नाहीतर सगळेच झटकून टाकावे. दोन्ही नको. भ्रामरीने येणाऱ्या शांततेचा मोठा वाटा लांबलेल्या उच्छ्वासाचा आहे आणि गुंजारव हे तो उच्छ्वास न मोजता, न ताणता लांबवण्याचे फार हुशारीने शोधलेले साधन आहे, असे माझे म्हणणे आहे. कंपनांचा वेगळा हातभार असेलही. पण आज हाती असलेल्या पुराव्यावरून तो दुय्यम दिसतो.

सुरुवात जुन्या ग्रंथांपासून करू, कारण ‘ऋषिमुनींनी सांगितलेली भ्रामरी’ म्हणून जे शिकवले जाते ते या ग्रंथांत जसेच्या तसे सापडत नाही. साधारण पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्माराम आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचे प्राणायाम, सांगतो. सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी. भ्रामरीच्या वाट्याला त्यात एकच श्लोक येतो. त्याचा आशय असा, की पूरक, म्हणजे आत घेतलेला श्वास, वेगाने आणि भुंग्याच्या आवाजासारखा घोष करत घ्यावा, रेचक, म्हणजे उच्छ्वास, मात्र भुंगीच्या आवाजात, अगदी सावकाश सोडावा. कान झाकण्याचा तिथे उल्लेख नाही. तो येतो नंतरच्या घेरंडसंहितेत. तिथला साधक मध्यरात्र उलटल्यावर, जिथे प्राण्यांचाही आवाज पोहोचत नाही अशा जागी बसतो, हातांनी कान बंद करतो, श्वास भरून रोखतो आणि मग उजव्या कानात आतले नाद ऐकतो: आधी रातकिड्यांचा, मग बासरीचा, मेघांचा, वाद्यांचा. म्हणजे इथे आवाज काढायचा नाही, आधीच असलेला ऐकायचा आहे. आजच्या वर्गातली भ्रामरी या दोन्हींच्या मिश्रणातून तयार झाली आहे. कान घेरंडाचे आणि गुंजारव स्वात्मारामाचा. श्वास घेतानाचा घोष गळला, कारण आत जाणाऱ्या हवेवर आवाज काढणे अवघड आणि ऐकायलाही विचित्र. लांब कुंभक गळला, कारण शंभर माणसांच्या वर्गात श्वास रोखायला लावण्याची जोखीम कोण घेणार? मध्यरात्र तर गळणारच होती. एवढी काटछाट होऊनही जे टिकले, आणि ज्याचा गुण लोकांना अजून येतो, तो आवाजासह सावकाश सोडलेला रेचक. परंपरेनेच चाळून मागे ठेवलेला हा भाग पहिला पुरावा म्हणून पाहायला हरकत नाही.

आता एका गुंजारवात नेमके काय होते ते जवळून पाहू. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. प्रत्येक वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत जाते आणि बाहेर येताना स्नायूंना जवळजवळ काहीच करावे लागत नाही. ताणलेली फुप्फुसे आपल्या लवचिकतेने आकसतात आणि दोनतीन सेकंदांत उच्छ्वास संपतो. गुणगुणायला लागले की घशातल्या स्वरतंतूंच्या दोन घड्या जवळ येतात आणि हवेची वाट अरुंद होते. फुगवलेल्या फुग्याचे तोंड चिमटीत धरून हवा सोडावी तसा हा प्रकार आहे: आवाजही तिथेच तयार होतो आणि हवाही जपून जाते. पुरुषांच्या खालच्या स्वरात या घड्या सेकंदाला शंभराहून थोड्या अधिक वेळा, स्त्रियांच्या स्वरात दोनशेच्या आसपास वेळा उघडझाप करतात आणि दर उघडण्यात थोडीशीच हवा निसटते. सेकंदाला शे-दीडशे मिलिलिटर धरले तर लिटर-दीड लिटर हवेत दहा सेकंदांचा गुंजारव सहज निघतो. त्यात श्वास घ्यायचे तीनचार सेकंद मिळवा. मिनिटाला चार किंवा पाच श्वास झाले. माणसाने घड्याळ पाहिलेले नाही, मनात आकडे म्हटलेले नाहीत, छाती ताणलेली नाही, तरी श्वासाची गती एक तृतीयांशावर आली. आणि या आवर्तनात श्वास घेण्याचा वेळ थोडा, सोडण्याचा फार, हे प्रमाणही आपोआप साधले.

हे प्रमाण महत्त्वाचे का, ते मनगटावर बोट ठेवूनही कळते. निरोगी, विशेषतः तरुण माणसाची नाडी श्वास घेताना किंचित जलद होते आणि सोडताना किंचित मंदावते. हृदयाला लगाम लावणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू श्वास घेताना थोडा सैल पडतो आणि सोडताना पुन्हा घट्ट होतो, त्याचा हा परिणाम. उच्छ्वास लांबवला की लगाम घट्ट असण्याचा काळ वाढतो. दुसरी गोष्ट रक्तदाबाची. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत दाब मोजणारी ग्राहके असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला आवरतो आणि दाब उतरतो. या निरोपांना लागणाऱ्या वेळामुळे रक्तदाबात सुमारे दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. श्वासही त्याच सुमाराला, म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास आला, की दोन्ही लाटा एकमेकींना साथ देतात आणि ही नियंत्रणव्यवस्था अधिक तत्पर होते. लुचिआनो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेतली लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला होता. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि दोन्ही वेळा रक्तदाब सावरणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. एक रोमची प्रार्थना, एक तिबेटी बौद्धांचा मंत्र, त्यात योगासन नाही की कान झाकणे नाही. हिशेब मात्र श्वासाचाच निघाला.

आवाज पूर्ण वगळला तर काय होते, याचेही उत्तर आहे. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी रोज पाच मिनिटे, महिनाभर, असे श्वसनाचे तीन प्रकार आणि सजगतेचे (माइंडफुलनेस) ध्यान यांची तुलना केली. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली. पण मन प्रसन्न होण्यात आणि श्वासाची गती उतरण्यात सरस ठरला तो दोनदा श्वास भरून घेऊन तोंडाने सावकाश, लांब सोडण्याचा प्रकार, म्हणजे नुसता सुस्कारा. त्यात गुंजारव नव्हता, नाकातली कंपने नव्हती. श्वासाची गती आणि मनाची अवस्था यांना जोडणारी तार मेंदूत कुठे असावी, याचा धागा २०१७ साली उंदरांवरच्या प्रयोगात हाती लागला होता. मेंदूच्या देठात श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशींच्या पुंजक्यातून सावधपणा जागवणाऱ्या केंद्राकडे निरोप नेणाऱ्या काही पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण विलक्षण शांत झाले. उंदरांवरून माणसांबद्दल बोलताना हात आखडताच हवा. तरी श्वास आणि मन यांचे नाते एका दिशेचे नाही, मन घाबरले की श्वास पळतो तसा श्वास आवरला की मनही थोडे आवरते, याला शरीरात काही आधार आहे एवढे त्यातून दिसते.

भ्रामरीची आज सर्वांत जास्त जाहिरात ज्यावर चालते ते नायट्रिक ऑक्साइडचे प्रकरण. करोनाच्या काळात ते मोबाइलवरून घरोघर पोहोचले. मूळ संशोधन अस्सल आहे. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, या शोधाला १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल मिळाले. नाकाशेजारच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसांत, तो भरपूर तयार होतो हे स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले आणि तिथल्याच वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये असे मोजले की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या तुलनेत पंधरापट होतो. पंधरापट! एवढा आकडा मिळाल्यावर सुतावरून स्वर्ग गाठायला किती वेळ लागणार? पण वाक्यातला ‘बाहेर येणारा’ हा शब्द पुन्हा वाचावा. कंपनांमुळे सायनसांत साठलेली हवा हलते आणि वायू नाकावाटे निघून जातो. तो मोजला गेला तो बाहेर पडताना. शिवाय पाठोपाठ गुणगुणत राहिले तर साठा संपत जातो, दर उच्छ्वासाबरोबर प्रमाण उतरते आणि साठा पुन्हा भरायला काही मिनिटांची विश्रांती लागते. सायनसांची हवा खेळती राहणे चांगलेच आहे. सर्दीने सतत कोंदणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग व्हावा ही अपेक्षा तर्काला धरून आहे. पण मनाची शांती या वायूमुळे येते, असे त्या प्रयोगांत कुणी मोजले नव्हते. भ्रामरीच्या पुढच्या आवर्तनांत वायू कमी होत जातो आणि शांत वाटणे वाढत जाते, एवढे लक्षात घेतले तरी त्या दोघांचा सांधा जुळत नाही. ही जाहिरात म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

माझ्या म्हणण्याला खरा धक्का देणारा पुरावा वेगळा आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली बारा जणांना मेंदूच्या चित्रणयंत्रात झोपवून ‘ॐ’ म्हणायला लावले आणि तुलनेसाठी ‘स्‌ऽऽऽ’ असा आवाज काढायला लावला. ॐकाराच्या वेळी भावनांशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांतली हालचाल मंदावलेली दिसली. ‘स्‌ऽऽऽ’च्या वेळी तसे काही दिसले नाही. आता ‘स्‌ऽऽऽ’ हाही उच्छ्वासच. मग फरक कशाचा? संशोधकांनी सुचवलेले उत्तर असे, की व्हेगसची एक शाखा कानाच्या बाहेरच्या भागाला येते आणि ॐकाराची कंपने तिला जागवत असावीत. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. कंपनांचा वाटा शून्य आहे असे म्हणायला मी म्हणूनच तयार नाही. पण बारा जणांचा हा प्राथमिक अभ्यास होता. ‘ॐ’ आणि ‘स्‌’ यांत फरक फक्त कंपनांचा नाही, हेही आहे. एकाच्या मागे भारतीय माणसाच्या मनात लहानपणापासूनचा देव्हारा, आरती, शाळेतली प्रार्थना उभी असते. दुसऱ्यामागे फार तर कुकरची शिट्टी. कानाजवळच्या त्या शाखेला विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने उत्तेजित करण्याचे उपचार आहेत, हे खरे. पण स्वतःच्या आवाजाची थरथर आणि इलेक्ट्रोडमधून दिलेला प्रवाह यांना एका मापाने मोजता येत नाही. भ्रामरीवरच्या बहुतेक अभ्यासांत आणखी एक खोट राहते. २०२३ सालच्या एका अभ्यासात दिवसभर हृदयाची नोंद ठेवणारे यंत्र लावून गुंजारवाची तुलना व्यायाम, भावनिक ताण आणि झोप यांच्याशी केली आणि गुंजारवात ताणाचा निर्देशांक सर्वांत कमी आला. बातमी झाली ती ‘झोपेपेक्षा भ्रामरी बरी’ अशी. पण तुलना व्हायला हवी ती तेवढ्याच लांब, तेवढ्याच संथ, मुक्या उच्छ्वासाशी. ती केल्याशिवाय श्रेय आवाजाला की श्वासाला, हे ठरत नाही.

इथे दुसऱ्या बाजूने प्रश्न येतो, आणि मला तो अधिक रसाळ वाटतो: सगळे श्रेय उच्छ्वासाचेच असेल, तर गुणगुणायचे कशाला? गप्प बसून हळू श्वास सोडावा की. सोडून पाहावा. घाबरलेल्या माणसाला ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की तो काय करतो? छाती फुगवून भसाभसा हवा आत ओढतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरते आणि भीती आणखी वाढते. सल्ला घेण्याचा दिलेला असतो, गरज सोडण्याची असते. आकडे मोजत श्वास सोडायला सांगितले तर चिंताग्रस्त माणूस आकड्यांचीच चिंता करतो. गुणगुणण्याने हे दोन्ही घोळ टळतात. लक्ष आपोआप सोडण्यावर जाते, कारण आवाज तिथेच आहे. घाई करता येत नाही, कारण स्वरतंतू हवा एका मर्यादेपलीकडे जाऊच देत नाहीत. आणि चूक झाली की ती लगेच ऐकू येते. पोट गच्च धरले की सूर थरथरतो. जोर लावला की तो चढतो आणि घशात खरखर होते. ताकदीपेक्षा जास्त लांबवला की शेवटी तुटतो आणि पुढचा श्वास गचका देऊन आत येतो. सूर सरळ, मऊ आणि शेवटी विरत गेला तर उच्छ्वास बरोबर झाला. मुक्या श्वासात ही पावती मिळत नाही. कान झाकण्याचा फायदाही याच हिशेबातला. कानाचे दार बंद केले की हाडांतून आत येणारा स्वतःचा खालचा आवाज कितीतरी मोठा वाटतो आणि रस्त्यावरचे हॉर्न मागे पडतात. मनाला धरून बसायला काहीतरी मिळते. पहाटे खर्जाचा रियाज करणारे गायक नेमके हेच करतात. मंद्र सप्तकातला एक सूर, एका श्वासात, जितका वेळ सहज टिकेल तितका. त्यांना शांती नको, आवाज हवा असतो. पण लांब उच्छ्वासावर पकड आणण्यासाठी सुराइतका कडक मास्तर नाही, हे त्यांनाही ठाऊक असते.

परंपरेचा अभिमान असलेल्यांना हे सारे खुजे वाटेल. नादानुसंधानाची, म्हणजे आतला नाद ऐकण्याची, साधना नाडीच्या ठोक्यांत आणि रक्तदाबाच्या आकड्यांत मोजायची का? त्यांचे म्हणणे एका मर्यादेत बरोबर आहे. हठप्रदीपिकेचा चौथा उपदेश नादाच्या साधनेवर विस्ताराने बोलतो, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही अनाहत नादाचे वर्णन येते, आणि तो अनुभव कोणत्याही यंत्राच्या पट्टीवर उतरलेला नाही. पण योग दिनाच्या मैदानात आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात भ्रामरी जेव्हा ताण कमी करण्याचा उपाय म्हणून सांगितली जाते, तेव्हा तो दावा शरीराबद्दलचा असतो, आणि शरीराबद्दलचा दावा शरीरावरच तपासला पाहिजे. असे तपासणे हे योगाशी वैर नव्हे, हे महाराष्ट्राला तरी कुणी सांगायला नको. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले ते आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत आणण्यासाठीच, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून त्यांनी आपली निरीक्षणे जगापुढे ठेवली.

शांतता उच्छ्वासातून येते हे एकदा धरले, की करायचे कसे याच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. मोठ्याने गुणगुणण्यात काही शौर्य नाही. शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका हलका आवाज जास्त काळ टिकतो. अमुक इतक्या हर्ट्झचा सूर लागलाच पाहिजे म्हणणारी ॲप विकत घेण्याची गरज नाही. आपल्या बोलण्याच्या पट्टीतला, थोडा खालचा, सहज लागणारा सूर पुरे. ताठ पण सैल बसावे. ओठ मिटलेले, आतले दात मात्र एकमेकांपासून सुटे, जीभ सैल. दात आवळले की जबडा आणि मान दोन्ही आखडतात. कानात बोट खुपसू नये. कानाच्या भोकाशी जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने हलकेच आत दाबला की दार बंद होते. पाचही बोटांनी डोळे, नाक, ओठ झाकायची षण्मुखी मुद्रा जमली तर छान, नाही जमली म्हणून काही बिघडत नाही. श्वास रोखू नये. दोन गुंजारवांच्या मध्ये श्वास घाईने ओढावा लागत असेल तर गुंजारव लांब झाला, तो आखूड करावा. पाच मिनिटे पुरतात. नेपाळमध्ये २०१० साली झालेल्या एका अभ्यासात पाच मिनिटांच्या संथ भ्रामरीनंतर रक्तदाब थोडा उतरलेला दिसला होता. पण तो लगेच मोजलेला परिणाम होता. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात तो तसाच राहतो असे त्यावरून म्हणता येत नाही आणि भ्रामरीवरच्या एकूण अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांनीही अधिक मोठ्या, नीट आखलेल्या प्रयोगांची गरज सांगितली आहे.

म्हणून रक्तदाबाची किंवा चिंतेची गोळी भ्रामरीच्या भरवशावर बंद करू नये. कमी करायची असेल तर ते डॉक्टर ठरवतील. कान दुखत किंवा वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत कान न झाकता गुणगुणावे. चक्कर आली तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. काही जणांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की उलट अस्वस्थ वाटते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, आणि तरीही तसे वाटत असेल तर भ्रामरी आपल्यासाठी नाही असे समजून खुशाल सोडून द्यावी.